डॉक्टर मोबाईलमध्ये बघून डोस लिहितात, विश्वास ठेवावा का?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. अंगाने काटकुळ्या, वजन ४५ किलो. महिन्यापूर्वी त्यांना धाप लागली, छातीत धडधडायला लागलं. आमचे जुने डॉक्टर गेल्या वर्षी वारले, म्हणून गावात नव्याने दवाखाना टाकलेल्या एमडी मॅडमकडे नेलं. मुलगी हुशार वाटली. ईसीजी काढला, रक्त तपासलं, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणाली. पण चिठ्ठी लिहायची वेळ आली तसा तिने मोबाईल काढला. एकदा नाही, दोनदा. त्यातच कसलासा हिशेब केला आणि मग रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली, अडीच मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ. सासूबाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "मोबाईलमध्ये बघूनच द्यायचं तर माझा नातूपण देईल की." आणि झालंही तसंच. पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने मोबाईलवर शोधलं तर मोठ्या माणसाचा डोस पाच मिलिग्रॅम निघाला. आता हे म्हणतात, त्या पोरीला काही कळलेलं दिसत नाही, आपण दोन-दोन गोळ्या देऊ. आमचे जुने डॉक्टर नाडी धरायचे आणि लिहायचे. पुस्तक उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. सासूबाईंना बाकी औषध असं काही नाही. बीपीची एक गोळी, आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून आणतो ती. चिठ्ठीचा आणि रिपोर्टचा फोटो पाठवते आहे. डॉक्टर बदलावा का?

एक सून, फलटण तालुका

उत्तर

सूनबाई, डॉक्टर बदलावा का याकडे येतेच, पण आधी घरातलं बघा. संध्याकाळी सासूबाईंना दोन गोळ्या देऊ नका. चिठ्ठीत आहे तेवढीच द्या. आणि वादावादीत गोळी बंदही करू नका. ठोके असे अनियमित पडत असले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत जाऊन अडकली की लकवा होतो. तो टळावा म्हणूनच ही गोळी आहे. दुसरं म्हणजे, गुडघ्याची ती मेडिकलमधली गोळी डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत डब्यातच राहू द्या. खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तीच खटकली. मोबाईल नाही.

आता मोबाईलचं.

चिठ्ठीवर औषध आहे ॲपिक्साबॅन. ठोके अनियमित असणाऱ्या मोठ्या माणसाला याचा नेहमीचा डोस पाच मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पुतण्याने वाचलं ते खोटं नाही. पण त्याच पानावर आणखी थोडं खाली एक नियम असतो. वय ८० किंवा त्याहून जास्त, वजन ६० किलो किंवा त्याहून कमी, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.५ किंवा त्याहून जास्त. या तिन्हींतल्या कोणत्याही दोन गोष्टी जुळल्या की डोस निम्मा करायचा, म्हणजे अडीच. सासूबाईंचं वय ८२ आणि वजन ४५. दोन जुळल्या, क्रिएटिनिनपर्यंत जायचीही गरज पडली नाही. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेली अडीचची गोळी आकड्याला आकडा लावून लिहिलेली आहे. पुतण्या वरच्या ओळीवर थांबला, त्या खालपर्यंत गेल्या.

यात आणखी एक खोच आहे. हेच औषध पायाच्या शिरेत गुठळी झाली म्हणून दिलं तर हा वय-वजनाचा नियम तिथे चालत नाही. औषध तेच, माणूस तोच, आजार बदलला की हिशेब बदलला. असले बारकावे प्रत्येक औषधाला दोन-दोन, चार-चार असतात. कोणी मला म्हणालं की हे सगळं मला पाठ आहे, तर मी त्या डॉक्टरकडे माझ्या सासूला नेणार नाही.

आणि तो हिशेब कसला होता, तेही सांगते, कारण मला तो कागदावर मांडून बघायचा मोह आवरला नाही. रिपोर्टमध्ये सासूबाईंचं क्रिएटिनिन १.१ आहे. लॅबवाल्यांनी त्याच्यापुढे लाल खूण वगैरे काही केलेली नाही. पण किडनी कितपत काम करते हे नुसत्या १.१ वरून कळत नाही. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी एक सूत्र दिलं, ते आजही औषधांचे डोस ठरवायला वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन येईल त्याने भागायचं. बाई असेल तर आलेल्या उत्तराला परत ०.८५ ने गुणायचं. सासूबाईंचं मांडलं तर ५८ गुणिले ४५, म्हणजे २६१०. भागिले ७९.२. आले ३३. त्याचे ०.८५ पट म्हणजे २८. आता पुतण्या बावीस वर्षांचा आणि सत्तर किलोचा धरू, आणि त्याचंही क्रिएटिनिन १.१ च आहे असं समजू. त्याचं उत्तर येतं १०४. रिपोर्टवर दोघांचा आकडा एकच, पण आजीची किडनी नातवाच्या किडनीच्या पाव हिश्शाने रक्त साफ करते. या गोळीचा डोस त्या २८ वर ठरला नाही, पण रक्त पातळ करायची अशी गोळी सुरू करताना तो आकडा समोर असावा लागतो. पुढेमागे त्यांना लघवीच्या संसर्गाचं औषध लागलं तर त्याचा डोस तर बहुतेक यावरच ठरेल. हा हिशेब त्या मुलीने तुमच्यासमोर केला, आणि तुम्हाला वाटलं तिला येत नाही.

वाटलं यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे येणं म्हणजे तोंडपाठ असणं. माझे वडील पावकी-निमकी घडाघडा म्हणत आणि ज्याला म्हणता येत नाही तो त्यांच्या लेखी अडाणी. ज्याला वही उघडावी लागते तो कच्चा. हीच पट्टी घेऊन आपण डॉक्टरकडे जातो. आणि आम्ही डॉक्टर मंडळीही काही कमी नव्हतो, आम्ही ती पट्टी निमूटपणे मान्य केली होती.

तुमच्या जुन्या डॉक्टरांना मी ओळखत नव्हते, त्यांच्याविषयी बोलायचा मला हक्क नाही. पण आमच्या पिढीची एक गंमत तुम्हाला सांगते. मी १९८३ साली दवाखाना टाकला. टेबलाच्या उजव्या खणात औषधांचं एक जाडजूड पुस्तक असायचं, पानं चहाच्या डागांनी चिकटलेली. पेशंट समोर असताना तो खण उघडायचा नाही, हा अलिखित नियम. मग डोसची शंका आली की मी काय करायची? "जरा हात धुऊन येते" म्हणून आत जायची. आत मोरीपाशी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत ठेवलेली होती. नळ सोडायचा, पान शोधायचं, नळ बंद करायचा, बाहेर येऊन अगदी सहज चिठ्ठी लिहायची. माझा कंपाउंडर मला म्हणायचा, बाई, तुमच्याइतके स्वच्छ हात तालुक्यात कुणाचे नाहीत. मी एकटी नव्हते. वर्षानुवर्षांनी एका संमेलनात हे बोलून दाखवलं तर निम्मं सभागृह हसलं, आणि ते हसणं ओळखीचं होतं. कुणी आत इंजेक्शन काढायला जायचे, कुणी देवाला दिवा लावायला.

पण दरवेळी आत जाता येत नाही. ओपीडीत साठ माणसं बसलेली असताना तर नाहीच.

असाच एक पावसाळ्यातला दिवस. दीड वर्षाचं मूल, दहा किलो वजन, अंगात ताप. पॅरासिटामॉल द्यायचं होतं. मुलांना ते दर किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम द्यायचं, हे तेव्हाही मला पाठ होतं, आजही आहे. दहा किलोच्या मुलाला सव्वाशे मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे असलेलं सिरप मी नेहमी लिहायची, तेव्हा डोळे मिटून "पाच मिली, तीन वेळा" लिहिलं. सिरप की ड्रॉप्स, ते लिहिलं नाही. पावरही लिहिली नाही. दुकानात त्या दिवशी ड्रॉप्स होते, त्यांनी ते दिले. ड्रॉप्स तान्ह्या बाळासाठी असतात, थेंबाथेंबाने द्यायचे, म्हणून दाट असतात. एका मिलीत शंभर मिलिग्रॅम. आईने चिठ्ठीप्रमाणे पाच मिली पाजलं, म्हणजे पाचशे मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. दुपारी ती परत आली ते तक्रार घेऊन. "बाई, बाटली केवढीशी देतात हो, दोन वेळा दिलं की संपायलाच आली." पंधरा मिलीची ती बाटली तिने पदराआडून काढून टेबलावर ठेवली. तळाशी बोटभर औषध आणि शेजारी ड्रॉपर, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेला, कोरा. तो कोरा ड्रॉपर पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला.

मूल सिव्हिलला पाठवलं, दोन दिवस ठेवून घेतलं, लिव्हरच्या तपासण्या केल्या. वाचलं, ठणठणीत राहिलं. चूक माझी होती, दुकानदाराची नव्हती आणि आईची तर मुळीच नाही. मला डोस पाठ होता, आणि नेमकं त्यामुळेच मी बाटलीचा विचार केला नाही. त्या रात्री मी एक तक्ता लिहून काढला. एका बाजूला किलो, दुसऱ्या बाजूला औषध, सिरपची पावर, मिली. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या काचेखाली सरकवला, पेशंटला दिसेल असा. पहिले काही महिने लोक त्याच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. एक आजोबा उठून गेलेही. दवाखाना मात्र चालायचा राहिला नाही.

पाठांतराची दुसरी अडचण म्हणजे पाठ केलेलं शिळं होतं. निमेसुलाइड नावाचं तापाचं औषध मी लहान मुलांना कितीतरी वर्षं लिहिलं. सगळेच लिहीत होते, ताप झरझर उतरायचा. लिव्हरला होणाऱ्या त्रासावरून ते जगभर वादात सापडलं आणि २०११ मध्ये आपल्या सरकारने बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला बंदी घातली. सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन असलेलं सिरप तर घरोघरी. डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी सांगितलं की चार वर्षांखालच्या मुलांना हे मिश्रण द्यायचं नाही, आणि तसं बाटलीवर छापा. ज्या डॉक्टरने २०१० मध्ये जे शिकलं तेच घोकून ठेवलं आणि पुन्हा कधी पान उलटलं नाही, त्याच्या चिठ्ठीत हे बदल कुठून येणार? आमच्या वेळी नवं काही कळायचं ते औषध कंपनीच्या एमआरकडून, म्हणजे विक्री प्रतिनिधीकडून, गुळगुळीत कागदावर, पेनाबरोबर. त्यात धोक्याची ओळ किती मोठ्या अक्षरात असायची हे मी सांगायला नको.

डोस म्हणजे नुसता आकडा असंही नाही. संधिवाताची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच रोज घेतली गेली तर जीवावर बेतते, आणि अशी प्रकरणं झालेली आहेत. गोळी बरोबर, मिलिग्रॅम बरोबर, चुकला तो वार. म्हणून शहाणा डॉक्टर चिठ्ठीवर "दर सोमवारी" असं वाराचं नाव घालून लिहितो.

शिवाय आपल्याकडच्या नावांचा बाजार. एकेका औषधाला डझनावारी कंपन्यांची नावं, आणि त्यांतली कित्येक एकमेकांच्या कानात कुजबुजावीत अशी सारखी. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांच्या नावावरून दोन कंपन्यांचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दोन्हींत औषधं वेगवेगळी होती. २००१ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की औषधांच्या बाबतीत नावाचा सारखेपणा इतर मालापेक्षा जास्त कडकपणे पाहिला पाहिजे, कारण इथे घोटाळा झाला तर माणूस जातो. तेव्हा डॉक्टरांनी मोबाईलमध्ये डोस नाही, तर नुसतं "अडीचची गोळी कोणत्या नावाने येते" एवढंच पाहिलं असेल, तरी ते पाहणं वाया गेलेलं नाही.

आता त्या मोबाईलमध्ये असतं काय? नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया, म्हणजे औषधं आणि त्यांचे डोस यांचं सरकारी पुस्तक, पहिल्यांदा १९६० मध्ये निघालं. आता ते भारतीय औषधकोश आयोग काढतो, २०२१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मुलांसाठी वेगळी फॉर्म्युलरी आहे. डॉक्टरांसाठीची ॲप आहेत, त्यांत दोन औषधं एकमेकांशी भांडतात का हेही तपासता येतं. पूर्वी मोरीपाशी होतं तेच पुस्तक हातात आलं, एवढाच फरक. अर्थात मोबाईलमध्ये व्हॉट्सॲपही असतं आणि क्रिकेटचा स्कोअरही. तुम्हाला समोरून नुसती मोबाईलची पाठ दिसते. आणि इथे मी तुमच्या बाजूची आहे.

तुमच्या डॉक्टरांनी तपासलं ते बरोबर केलं. तपासताना गप्प बसल्या, हे चुकलं. "आजींचं वय आणि वजन बघून डोस नक्की करते, एक मिनिट" एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर तुमचं पत्रच मला आलं नसतं. समोर घाबरलेली म्हातारी बसलेली असताना मान खाली घालून स्क्रीन चाळत राहणं बरं दिसत नाही. माझी भाची आता प्रॅक्टिस करते. ती स्क्रीन वळवून पेशंटला दाखवते, "हे बघा, तुमच्या वजनाला एवढंच." लोक वाकून बघतात, इंग्रजी कळो न कळो. नव्या डॉक्टर मंडळींपैकी कुणी हे सदर वाचत असेल तर त्यांनी एवढं मनावर घ्यावं. शिकताना हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण आम्हीच मोरीत जात होतो.

तुम्हीही विचारू शकता. "मॅडम, काय बघताय?" असं साध्या आवाजात. ज्याला लपवायचं नाही तो सांगतो. उत्तर तोडून टाकलं, किंवा वजन न विचारता, चालू औषधं न विचारता नुसतं मोबाईलकडे बघून लिहिलं, तर मात्र तुमच्या शंकेला आधार आहे. तपासायचं ते पेशंटच्या आकड्यांशी ताडून. आकडेच घेतले नाहीत तर ताडणार काय? तुमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त पाहिलं, वजन केलं आणि मग मोबाईल उघडला. क्रम बरोबर आहे. हल्ली काही जण संगणकाशी गप्पा मारून थेट उत्तर मागवतात, त्याबद्दल मी साशंक आहे. ते उत्तर ठसक्यात येतं, आणि ठसक्याला भुलणारी आपली जात, हे वर सांगितलंच.

मग पुतण्याने पाहिलं ते वाईट आणि डॉक्टरांनी पाहिलं ते चांगलं, असं का? पुतण्याचं कौतुकच आहे, आजीसाठी त्याने शोधलं. त्याने फोन करून डॉक्टरांना विचारायला हवं होतं की इथे पाच दिसतंय, आजींना अडीच का? असा प्रश्न विचारणारा नातेवाईक मला कधीच डोईजड वाटला नाही. तुमच्या यजमानांनी त्या शोधावरून परस्पर डोस दुप्पट करायचा बेत केला, तिथे गाडी रुळावरून उतरली. रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस जास्त झाला तर कुणी कळवायला येत नाही. एक दिवस नाकातून रक्त येतं ते थांबत नाही, किंवा शौचाला डांबरासारखी काळी होते. हे किंवा दुसरं कुठलंही रक्त जाताना दिसलं, पडून डोक्याला लागलं, तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

सासूबाईंची समजूत कशी घालायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमची खरी पंचाईत तीच असणार. त्यांच्याशी मोबाईलवरून वाद घालू नका, हराल. त्यांना विचारा, घरात वास्तुशांत काढली तेव्हा गुरुजींनी मुहूर्त कसा सांगितला? मंत्र त्यांना तोंडपाठ होते, संकल्प तोंडपाठ होता. पण मुहूर्तासाठी चष्मा लावून दाते पंचांग उघडलंच ना? तेव्हा कुणी म्हणालं नाही की गुरुजींना येत नाही. उलट पंचांग न बघता मुहूर्त सांगणाऱ्याला आपण दक्षिणा दिली नसती. डॉक्टरांचं नाडी बघणं, छाती तपासणं हे मंत्रासारखं, ते हातातच असावं लागतं. डोसचं पंचांग असतं.

आणि पुढच्या वेळी गेलात की डॉक्टरांना आधी बाजूला घेऊन एवढं सांगा: आमच्या आजींना नाडी धरलेली आवडते. यात काही नाटक नाही. सासूबाईंचा आजार मनगटावर बोट ठेवलं की कळतो, दोन ठोके लगोलग, मग एक उशिराने, कसला ताल नाही. त्यांचं बोट त्यांच्याच मनगटावर ठेवून ते दाखवता येतं. जुन्या डॉक्टरांची आठवण पुसायची नाही, त्यांच्याच वाटेने नव्या डॉक्टरकडे जायचं.

तेव्हा डॉक्टर बदलू नका. निदान या कारणासाठी तरी नका.

राहिली गुडघ्याची गोळी. तुम्ही "बाकी औषध असं काही नाही" म्हणालात आणि त्याच दमात दोन औषधं सांगितलीत. दवाखान्यातही असंच झालं असणार. डॉक्टरांनी विचारलं असेल, चालू औषधं कोणती, आणि तुम्ही बीपीची तेवढी सांगितली असेल, कारण मेडिकलमधून सुटी आणलेली गोळी आपल्या हिशेबी औषधच नसते. मेडिकलमध्ये गुडघ्याला म्हणून बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक अशा जातीची गोळी देतात. ती पोटाचं अस्तर दुखावते. त्यात रक्त पातळ करायच्या गोळीची भर पडली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका चांगलाच वाढतो. शिवाय ती किडनीवर ताण टाकते, आणि किडनीचा आकडा २८ आहे हे आपण आत्ताच काढलं. डॉक्टरांच्या ॲपने ही टक्कर क्षणात दाखवली असती. पण नाव आत घातलंच नाही तर तेही काय करणार.

उद्या सकाळी एक पिशवी घ्या. घरातल्या सगळ्या पट्ट्या तिच्यात टाका, बीपीची, गुडघ्याची, अर्धवट कापलेली, नाव फाटलेली, सासूबाईंच्या उशीखाली असेल ती, कुणी काढा-चूर्ण दिलं असेल तर तेही. पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा आणि विचारा, यांतलं गुडघ्यासाठी काय चालेल, आणि किती. त्या पुन्हा मोबाईल काढतील. काढू द्या, आणि बघून होईपर्यंत सासूबाईंना पाणी पाजा.